पोकलेन न्यायचंय? मग ट्रेलर ‘किती टनी’ एवढंच विचारू नका

पावसाळा सरला की कामं सुटतात आणि रस्त्यावर यंत्रं दिसू लागतात. कुठे तलावातला गाळ काढायला पोकलेन निघालेलं असतं, कुठे रस्त्याच्या कामाला रोलर. त्यांच्या मागोमाग ठरावीक बातम्याही येतात: रेल्वेपुलाखाली ट्रेलर अडकला, पोकलेनचा बूम, म्हणजे वरचा लांब हात, लोखंडी कमानीला लागला, घाटातल्या वळणावर ट्रेलर फसला आणि वाहतूक ठप्प. वाचणाऱ्याला वाटतं, चालकाला पूल दिसला नाही की काय? पूल त्याला दिसलेला असतो. बहुतेक वेळा चूक त्याच्या कितीतरी आधी झालेली असते. मशीनसाठी ट्रेलर ठरवताना फोनवर एकच प्रश्न विचारला गेलेला असतो, “किती टनी आहे?” “चाळीस टनी.” आपलं मशीन एकवीस टनाचं, म्हणजे झालं काम.

झालेलं नसतं. हा ‘चाळीस टन’ नेमका कशाचा आकडा आहे, वजन बसलं तरी ते कुठे ठेवायचं, मशीन चढवल्यावर एकूण उंची किती होते आणि ते रॅम्पवर चढणार कसं, या प्रश्नांवर ट्रेलरची निवड ठरते. एकेक करून पाहू.

मुळात ट्रेलर लागतोच कशाला?

जेसीबीला, म्हणजे पुढे लोडर आणि मागे खोदणारा हात असलेल्या मशीनला, रबरी टायर असतात. ते ताशी ४० किलोमीटरपर्यंत पळतं. शेजारच्या तालुक्यात जायचं असेल तर बहुतेक जण ते चालवतच नेतात आणि त्यात चूक काही नाही. प्रश्न येतो तो चेनवर चालणाऱ्या मशीनचा. (पोकलेन हे खरं तर एका फ्रेंच कंपनीचं नाव, पण मराठीत ते चेनवर चालणाऱ्या कुठल्याही खोदयंत्राला चिकटलं आहे. इथेही ते त्याच अर्थानं वापरलं आहे.) पोकलेनचा वेग ताशी पाच किलोमीटरच्या आसपास. वीस किलोमीटर जायला चार तास लागतात आणि तेवढ्या वेळात डांबराची पार चाळण होते. त्याहून मोठं नुकसान मशीनच्या पोटाखाली होतं. चेनच्या पिना, बुश आणि रोलर झिजतात, आणि पोकलेनच्या देखभालीतला सगळ्यात खर्चिक भाग तोच असतो. रोलरचंही असंच आहे. म्हणून ही मशीनं उचलून न्यावी लागतात.

ट्रॉली आणि ट्रेलर: बैलगाडीपासून सुरुवात करू

ज्यानं बैलगाडी भरली आहे त्याला ट्रेलरचं निम्मं शास्त्र आधीच ठाऊक असतं. गाडीला आख एकच. माल आखाच्या मागे जास्त गेला की गाडी उलाळते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. माल पुढे जास्त झाला की जू मानेवर दाबतं आणि बैल चार पावलांत दमतात. शहाणा गाडीवान थोडासाच भार जुवावर येईल अशा बेतानं गाडी भरतो.

ट्रॅक्टरची दोनचाकी ट्रॉली म्हणजे तीच बैलगाडी. तिची दांडी ट्रॅक्टरच्या हुकावर टेकते, त्यामुळे थोडं वजन ट्रॅक्टरवर येतं. अशा ट्रेलरसाठी सगळीकडे वापरला जाणारा ठोकताळा असा की भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांडीवर यावा. त्याहून कमी असेल तर ट्रेलर वेगात असताना शेपटीसारखा डावी-उजवीकडे हलायला लागतो. फारच जास्त झाला तर ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात. ऊसतोडीच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीकडे चढावर पुढची चाकं हवेत गेलेला ट्रॅक्टर दिसतो तो याचमुळे. मागे भार आणि ओढ, पुढे काहीच नाही. चाकं हवेत म्हणजे स्टेअरिंगही गेलं.

चारचाकी ट्रॉलीला पुढेही आख असतो, त्यामुळे दांडीवर वजन जवळजवळ येत नाही. ती ओढायला सुखाची, पण मागे घ्यायला महाकठीण. ती दोन ठिकाणी मुडपते, आणि मशीन उतरवायच्या जागी ट्रेलर मागेच घ्यावा लागतो.

मोठ्या मशीनसाठी वापरतात तो तिसरा प्रकार, सेमी-ट्रेलर. याला मागेच आख असतात. पुढचं टोक इंजिन असलेल्या गाडीच्या पाठीवर बसतं. त्या गाडीला चालक मंडळी ‘घोडा’ किंवा ‘पुलर’ म्हणतात. ट्रेलरच्या पुढच्या टोकाखाली एक जाड पोलादी खुंटी असते, ती किंगपिन. ती पुलरच्या पाठीवरच्या गोल तबकडीत अडकते. मालाचा चांगला मोठा वाटा या खुंटीवाटे पुलरवर येतो. यापुढे ‘ट्रेलर’ म्हणजे हाच.

‘चाळीस टनी’ म्हणजे नेमकं काय?

बोलण्यात येणारा आकडा अनेकदा पासिंगचा असतो, म्हणजे नोंदणीत परवानगी असलेल्या एकूण वजनाचा. त्यात पुलर आला, रिकामा ट्रेलर आला, डिझेल आलं आणि उरलं तेवढंच मशीनच्या वाट्याला. कधी तो आकडा फॅब्रिकेटरनं, म्हणजे ट्रेलर बांधून देणाऱ्यानं, सांगितलेल्या लोखंडाच्या ताकदीचा असतो. ‘ट्रेलर साठ टन झेलतो’ हे खरंही असेल, पण कायद्याला त्याच्याशी देणंघेणं नाही.

कायदा एक्सल, म्हणजे आख, मोजतो. जुलै २०१८ मध्ये केंद्रानं या मर्यादा वाढवल्या. आज चार टायरच्या एका एक्सलवर साडेअकरा टन, ट्रेलरखालच्या जोड एक्सलवर २१ टन आणि तीन एक्सलच्या संचावर २७ टन चालतात. सर्वसाधारण वाहनाची एकूण कमाल मर्यादा तेव्हा ४९ वरून ५५ टनांवर गेली.

आता बेरीज करून पाहू. पुलरला पुढे एक एक्सल, मागे चार टायरचा एक, आणि ट्रेलरला तीन. पुढच्या एक्सलवर सुमारे ७, मागच्यावर साडेअकरा, ट्रेलरवर २७. एकूण साडेपंचेचाळीस टन. समजा, पुलर स्वतः ७ टनांचा आहे आणि यंत्रं नेण्यासाठी बांधलेला दणकट ट्रेलर ११ टनांचा. म्हणजे मशीनसाठी उरले साडेसत्तावीस. एकवीस टनांचं पोकलेन बसलं. तीस टनांचं बसणार नाही, मग ट्रेलरवर रंगवलेला आकडा कितीही असो.

इथे दोन गोष्टी लोक विसरतात. एक, माहितीपत्रकातलं मशीनचं वजन ठरावीक बकेटसह दिलेलं असतं. ब्रेकर, जादा बकेट, टाकीभर डिझेल आणि चेनमध्ये अडकलेला काळ्या मातीचा चिखल वेगळा. पावसात शेतातून काढलेल्या मशीनवर हा चिखल सहज काही क्विंटल भरतो. दोन, आरसी बुकावर रिकाम्या ट्रेलरचं वजन लिहिलेलं असलं तरी नंतर ठोकलेल्या जाड प्लेटा, लांब रॅम्प, हत्यारांची पेटी त्यात धरलेली नसते. रिकामी गाडी एकदा काट्यावर घ्यावी. पावती शंभर-दोनशेची असते, आणि तिच्यावरचा आकडा पुढे वर्षानुवर्षं उपयोगी पडतो.

जादा वजन सापडलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये आहेत, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च. पोकलेनचं ‘जादा’ तेवढं उतरवता येत नाही, हा त्यातला खरा पेच.

एकूण वजन बसलं. मग आता अडचण काय?

हा भाग थोडा सावकाश वाचा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

वरचंच उदाहरण पुढे नेऊ. किंगपिनपासून ट्रेलरच्या तीन एक्सलच्या मध्यापर्यंत ९ मीटर अंतर आहे. ट्रेलरचा पुढचा तीन मीटरचा भाग उंच, पुलरच्या पाठीवर चढलेला. त्याला गूसनेक म्हणतात, म्हणजे हंसाची मान. तिच्या मागे खाली उतरलेला डेक, म्हणजे मशीन ठेवायचा सपाट भाग. पोकलेनची चेन जमिनीवर सव्वाचार मीटर जागा घेते आणि वजनाचा मध्य साधारण चेनच्या मध्यावर येतो असं धरू.

ऑपरेटरची सवय असते मशीन पुढे घेत गूसनेकला टेकवायची. ‘पुढे टेकलं म्हणजे सरकणार नाही.’ अशा वेळी मशीनचा मध्य ट्रेलरच्या एक्सलपासून ४ मीटर पुढे येतो. बैलगाडीचाच हिशेब लावा: २१ गुणिले ४ भागिले ९, म्हणजे सव्वानऊ टन किंगपिनवर. रिकाम्या ट्रेलरचे ३ टन तिथे आधीच आहेत. पुलरच्या मागच्या एक्सलवर त्याचं स्वतःचं अडीच टन वजन आहे. थोडा भार पुढच्या एक्सलकडे जातो तो वजा केला तरी मागच्या एक्सलवर तेरा टनांच्या पुढे जातात. मर्यादा साडेअकरा. एकूण वजन ३९ टन, साडेपंचेचाळीसच्या आत साडेसहा टन मोकळे, आणि तरीही एक एक्सल ओव्हरलोड! काट्यावर एकच बेरीज पाहणाऱ्याला हे कधीच कळत नाही. कळतं ते पुलरचे पाटे बसायला लागले आणि टायर फुटायला लागले की.

आता मशीन उलट मागे, एक्सलच्या डोक्यावर न्या. मध्य एक्सलपासून फक्त १ मीटर पुढे. किंगपिनवर जेमतेम सव्वादोन टन येतात. ट्रेलरचे एक्सल २७ टनांच्या अगदी काठावर, आणि पुलरची ओढणारी चाकं हलकी. ओल्या घाटात, चढावर, ही चाकं जागच्या जागी फिरतात.

मध्य एक्सलपासून ३ मीटर पुढे ठेवला तर सगळे आकडे मर्यादेत बसतात. म्हणजे गूसनेकपासून साधारण एक मीटर जागा सोडून. तुमच्या ट्रेलरचं अंतर वेगळं असेल, पण हिशेब हाच.

कागदावरचा हिशेब तपासायला काट्यावर तीनदा वजन करा: आधी पुलरची फक्त पुढची चाकं, मग पूर्ण पुलर, मग सगळी गाडी. वजाबाकी केली की तिन्ही ठिकाणचं वजन हाती येतं. बरोबर जागा सापडली की डेकवर ऑइलपेंटनं पट्टा मारून मशीनचं नाव लिहून ठेवा. पुढच्या वेळी अंधारात, पावसात, नवा ऑपरेटर असला तरी मशीन त्याच पट्ट्यावर येईल.

उंची: पुलाखालचा प्रश्न

एकवीस टनी पोकलेन हात आवरून ठेवलं तरी साधारण ३ मीटर उंच असतं. सरळ सपाट ट्रेलरचा, म्हणजे फ्लॅटबेडचा, डेक जमिनीपासून दीड मीटरवर. बेरीज साडेचार. सेमी लो-बेडचा डेक १.१ मीटरच्या आसपास, म्हणजे ४.१. लो-बेडचा ०.९, म्हणजे ३.९. रेल्वेखालचे बोगदे, फाटकाच्या दोन्ही बाजूंच्या लोखंडी कमानी, गावातून आडव्या गेलेल्या वीजतारा यांच्याशी गाठ पडते तेव्हा हा साठ सेंटिमीटरचा फरक म्हणजे सगळं काही. जेसीबीचं तर आणखी वाईट. मागचा हात दुमडून उभा राहतो आणि उंची साडेतीन मीटरच्या पुढे जाते. ते साध्या ट्रकवर चढवणं वजनाच्या दृष्टीनं जमतं, उंचीच्या दृष्टीनं नाही.

मग सरसकट लो-बेडच का घेऊ नये? कारण खाली बसण्याची किंमत मोजावी लागते. डेक खाली आणायचा तर टायर लहान हवेत. लहान टायर त्याच अंतरात जास्त फेरे मारतात, जास्त तापतात, आणि त्यांच्या आत ब्रेकचे ड्रमही लहानच बसतात. दुसरं, पोट जमिनीजवळ आणि दोन टोकांच्या चाकांत मोठं अंतर, म्हणून रेल्वे फाटकाच्या उंचवट्यावर किंवा गावातल्या गतिरोधकावर ट्रेलर मधोमध टेकतो. फाटकावर टेकलेला ट्रेलर ही कल्पनाच नको. डोंगरी तालुक्यांत, कच्च्या रस्त्यांवर काम जास्त असेल तर सेमी लो-बेड बरा. महामार्ग आणि शहर हे मुख्य क्षेत्र असेल तर लो-बेड. दोन्हीत जमेल असा सुवर्णमध्य विकणाऱ्याच्या तोंडी असतो, रस्त्यावर तो भेटत नाही.

उंची मोजायची ती मशीन चढवून, बांधून झाल्यावर. बूमचा सर्वांत उंच बिंदू बहुधा बूम जिथे वाकतो तिथे असतो, केबिनवर नसतो. बकेट डेकवर टेकवताना हात कसा ठेवला यावर हा वाक वर-खाली होतो. टेप लावा आणि आकडा चालकासमोर डॅशबोर्डवर खडूनं लिहा.

रुंदी आणि ‘सगळे तसेच नेतात’

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार वाहनाची रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त चालत नाही. एकवीस टन गटातलं साधं पोकलेन ६०० मिलिमीटरच्या पॅडवर (चेनच्या लोखंडी पट्ट्यांवर) २.८ मीटर भरतं. नावापुढे ‘एलसी’ असलेलं, म्हणजे लांब-रुंद बैठकीचं, ३ मीटरच्या आसपास. म्हणजे रोज दिसणारी ही मशीनं नियमाच्या भाषेत ‘ओडीसी’ ठरतात, मापाबाहेरचा माल. त्यासाठी वेगळी परवानगी लागते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचं त्यासाठी ऑनलाइन पोर्टल आहे. माल कडेनं, मागे किंवा उंचीला बाहेर आला तर त्याच कलम १९४ खाली वेगळे २०,००० रुपये.

‘सगळे तसेच नेतात, काही होत नाही’ हे ऐकू येतं. दंडाचं एकवेळ सोडा. अपघात झाला आणि गाडी विनापरवाना मापाबाहेरची निघाली, की विमा कंपनीच्या हाती आयतं कारण मिळतं. मशीनची किंमत ट्रेलरच्या कितीतरी पट असते हे तेव्हा आठवतं. परवानगी घेतलीत तरी बाहेर आलेल्या कडांना दिवसा लाल फडकी, रात्री लाल दिवे हवेतच.

‘मग साताऱ्याकडे, धुळे-नंदुरबारकडे पवनचक्कीची एवढी मोठी पाती कशी जातात?’ पातं लांबीला अवाढव्य असलं तरी त्या मानानं हलकं. त्यासाठी लांब होणारे वेगळे ट्रेलर असतात. ट्रान्सफॉर्मरसारखा जड नग अनेक ओळींच्या हायड्रॉलिक ट्रेलरवर जातो, ज्याच्या दोन एक्सलच्या एका ओळीला १८ टन धरतात. पोकलेनवाल्याला यातलं काही लागत नाही.

रॅम्प: जिथे मशीनं उलटतात

रस्त्यावरच्या अपघाताची बातमी होते. चढवताना-उतरवताना कलंडलेल्या मशीनची सहसा होत नाही, माणूस गेला तरच होते. ट्रेलर घेताना लोक टायर बघतात, रॅम्प बघत नाहीत.

चढवण्याचा कोन १५ अंशांच्या आत ठेवा, असं मशीन बनवणाऱ्या कंपन्यांची पुस्तिका सांगते. डेक ०.९ मीटर उंच आणि रॅम्प २.४ मीटरचा असेल तर कोन २२ अंशांचा होतो. १५ अंशांसाठी साडेतीन मीटरचा रॅम्प लागतो. तो जड असतो, म्हणून त्याला स्प्रिंग किंवा हायड्रॉलिक सिलिंडर हवा. दोन माणसांनी हातानं उचलायचा रॅम्प फॅब्रिकेटर आखूडच बनवतो, कारण गिऱ्हाइकाला तो हलका हवा असतो. काही ट्रेलरच्या डेकचा मागचा भागच उतरता केलेला असतो. त्यामुळे तेवढा रॅम्प कमी लागतो आणि दोन टप्प्यांत चढता येतं.

कोनापेक्षाही घातक आहे ते लोखंडावर लोखंड. पोलादी चेन किंवा रोलरचा गुळगुळीत ड्रम ओल्या रॅम्पवर साबणासारखा सरकतो. रॅम्पवर आडव्या पट्ट्या वेल्ड केलेल्या असाव्यात, वर जुन्या कन्व्हेअर बेल्टचं रबर किंवा बाभळीच्या फळ्या टाकाव्यात. ग्रीस, डिझेल सांडलेलं असेल तर माती टाकून पुसून घ्यावं. जमीन सपाट आणि टणक हवी. ट्रेलर कडेला कलला असेल तर मशीनही कलूनच चढतं. ट्रेलरच्या चाकांना उटी लावून, हँडब्रेक ओढून, पुलर जोडलेलाच ठेवावा. पुलर सोडलेल्या ट्रेलरच्या मागच्या टोकावर वीस टन आले तर तो बैलगाडीसारखाच उलाळतो.

चढताना वेग सगळ्यात कमी ठेवावा आणि इंजिनचा वेग आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद करावी. रॅम्पवर असताना दिशा बदलायची नाही. वाकडं चढतंय असं वाटलं तर सरळ मागे उतरून पुन्हा यायचं. रॅम्प संपून डेक सुरू होतो तिथे एक क्षण मशीन तराजूसारखं तोललेलं राहतं आणि मग पुढे आपटतं. मुरलेला ऑपरेटर तिथे थांबतो, बकेट डेकवर अलगद टेकवतो आणि मशीन हळूच खाली बसवतो. समोर उभं राहून हातवारे करणारा माणूस रॅम्पच्या रेषेत कधीही नसावा.

‘एवढं जड मशीन, ते कुठे जातंय?’

साखळ्या बांधायला सांगितलं की हेच उत्तर मिळतं. मशीन जितकं जड, तितकी त्याची पुढे जाण्याची ओढही मोठी. जड आहे म्हणून ते जागेवर राहत नाही. जोरात ब्रेक लावला की मालाच्या वजनाच्या ०.८ पट इतका जोर पुढे लागतो असं युरोपीय मानक धरतं. एकवीस टनांना तो होतो १६.८ टन. त्याला विरोध कोण करणार? एक घर्षण, दुसऱ्या साखळ्या.

ओलं किंवा तेलकट लोखंड लोखंडावर असेल तर घर्षण वजनाच्या दहा टक्केच, म्हणजे २.१ टन. उरलेले १४.७ टन साखळ्यांवर. चेनखाली घसरणरोधक रबरी मॅट टाकली तर घर्षण साठ टक्क्यांपर्यंत जातं, म्हणजे १२.६ टन, आणि साखळ्यांवर उरतात फक्त ४.२. रबराच्या दोन पट्ट्या साडेदहा टन अडवतात! या सबंध लेखातली सगळ्यात स्वस्त खरेदी हीच.

साखळ्या किमान चार, चारही कोपऱ्यांतून तिरप्या. त्यातल्या दोनच पुढे जाण्याला अडवतात, बाकी दोन मागे जाण्याला. ग्रेड ८० ची १३ मिलिमीटरची साखळी सरळ ओढीत १० टन धरते, १० मिलिमीटरची ६.३ टन. तिरपी बांधल्यावर त्यातला साधारण दोन-तृतीयांश उपयोगाला येतो. म्हणजे रबर नसेल तर १३ मिलिमीटरच्या दोन साखळ्याही कमी पडतात, आणि रबर असेल तर १० मिलिमीटरच्या पुरतात. साखळीच्या कड्यांवर ८ किंवा ८० असा ठसा पाहा. ठसा नसलेली हार्डवेअरच्या दुकानातली साखळी झोपाळ्याला ठीक आहे.

साखळी मशीनच्या खालच्या चौकटीला दिलेल्या छिद्रांतून घालायची. पॅडवरून नको आणि हायड्रॉलिक होजवरून तर अजिबात नको. बकेट खाली टेकवून, इंजिन बंद करून, लिव्हर दोनचार वेळा हलवून दाब सोडून द्यायचा. केबिनसह मशीनचा वरचा भाग फिरू नये म्हणून खुंटीचं कुलूप लावायचं. हे विसरलं की वळणावर वरचा भाग हळूहळू फिरतो आणि हात शेजारच्या गाडीच्या वाटेत येतो. दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर एकदा थांबून साखळ्या पुन्हा ताणाव्यात. मशीन बसतं, चिखल दबतो, साखळी सैल पडते.

ब्रेक आणि टायर

ट्रेलरला हवेच्या दोन नळ्या जातात. लाल नळी हवा भरून ठेवते, दुसरी ब्रेकचा इशारा नेते. लाल नळी तुटली तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागले पाहिजेत. घेताना हे करूनच पाहा: टाकी भरू द्या, लाल नळी काढा, पुलर पुढे ओढून बघा. ट्रेलर पुलरच्या मागोमाग सरकला तर ब्रेकचं काम बाकी आहे. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी ताजी पण टायर सात वर्षांचा असेल तर तो उभ्या-उभ्या उन्हात वाळलेला ट्रेलर आहे.

नवा की जुना?

महिन्यात चार-सहा खेपाच असतील तर भाड्याचा ट्रेलर परवडतो. स्वतःचा घ्यायचा ठरला आणि नवा बांधून घ्यायचा असेल तर फॅब्रिकेटरकडे त्या मॉडेलची प्रकार-मान्यता आहे का ते आधी विचारा. दहा टनांवरचे ट्रेलर टी-४ गटात येतात. त्यांना मागे आणि बाजूला संरक्षक दांडे लागतात, तसंच चमकणाऱ्या पट्ट्या: पुढे पांढऱ्या, बाजूला पिवळ्या, मागे लाल. नोंदणी झाल्यावर डेक वाढवणं, एक्सल हलवणं हे परस्पर करता येत नाही. किंगपिन दोन इंची आहे की साडेतीन इंची, हे तुमच्या पुलरच्या तबकडीशी जुळवूनच घ्या.

जुना बघायला जाताना टॉर्च, दोरी, टेप, रॉकेल आणि खडूची पूड घेऊन जा. चांगल्या ट्रेलरचा डेक रिकामा असताना मधे किंचित उचललेला असतो, भार आला की सपाट होतो. कडेनं दोरी ताणा. रिकाम्यातच दोरी मधल्या भागात अधांतरी राहिली, म्हणजे मुख्य बीम दमलेले आहेत. मग गूसनेक जिथे डेकला मिळतो त्या कोपऱ्यात जा. सगळा ताण तिथे येतो. नवा रंग तिथेच तेवढा मारलेला असेल तर तो खरवडायला सांगा. जागा घासून रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कोरडी पुसा आणि खडूची पूड फासा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल पुडीवर बारीक काळपट रेघ काढतं. डोळ्याला न दिसणारा केसाएवढा तडाही असा सापडतो. वर पट्टी वेल्ड करून झाकलेला तडा पट्टीच्या टोकांशी पुन्हा डोकं काढतो, तिथेही पूड लावा.

किंगपिनचा व्यास मोजा. नवा दोन इंची पिन ५०.८ मिलिमीटर असतो. ४९ पर्यंत उतरला असेल तर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. शेवटी किंगपिनच्या मध्यापासून पहिल्या एक्सलच्या डाव्या आणि उजव्या टोकापर्यंत टेप लावा. दोन्ही मापांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो. सेंटिमीटरभर असेल तर तो ट्रेलर खेकड्यासारखा तिरका चालतो आणि बाराच्या बारा टायर एका कडेनं खातो. मालकानं आठवड्यापूर्वी नवे टायर का घातले, त्याचं उत्तर मग टेपवरच मिळतं.